नातीच्या खांद्यावर

४ डिसेंबर
धान चुरून झालं. तणस, मळून उरलेला पेंढा, मात्र रचली नाही. नातीने, संगीताने, सगळी समाजमंदिरात मागवली. फरशीवर तणस, तिच्यावर ताडपत्री, तिच्यावर सतरंजी. नाचताना पोरांचे गुडघे फुटतात म्हणे. बैलांनी काय खायचं ते नंतर पाहू.
नात आली की घरात पाहुणे आलेच. मुंबईच्या दोन पोरी आणि एक कौस्तुभ. महिनाभर मुक्काम. सं. लहानाची मोठी झाली भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत, मग दहा वर्षं मुंबईला बॅले शिकली. आता पहिल्यांदाच स्वतःचा नाच बसवते आहे. जानेवारीत चंद्रपूरला दाखवायचा. एवढी मुंबई सोडून गावात काऊन, असं विचारलं.
"तिथी चारी भिंतीले आरसे हायेत, आबाजी."
 गुडघे दुखतात.

६ डिसें.
आज बसून पाहिलं. आधी त्यांनी जुनी रीत दाखवली. गुलाबी बूट, पुढून लाकडासारखे टणक. पोरगी त्यांच्या टोकावर उभी राहते, जमिनीशी अबोला धरल्यासारखी. गडी मागून येतो, कमरेला धरून वर उचलतो. ती कापसासारखी वर जाते. दिसायला फार छान, खोटं कशाला बोलू.
सं. म्हणाली, त्या नाचात बाईचं काम एकच, हलकं होणं. दहा वर्षं तिने भात खाल्ला नाही. आमच्या घरात धानाची पोती आणि पोर तिकडे काकडी खाऊन. मला हे कधी सांगितलं नाही. बुढीला, तिच्या आजीला, तर सांगायचंच नाही.
आता तिने बूट काढले. अनवाणी, टाच भुईला टेकवून. पावलं जुन्याच नाचाची, पण वजन वर न नेता खाली सोडायचं. सकाळी चौघं बोडीवर, शेताकडच्या लहान तळ्यावर, आली, माझं फेकजाळं टाकणं पाहायला. कौस्तुभ माझी टाच पाहता पाहता चिखलात बसला. पोरगा चांगला आहे, स्वतःच हसला.
नामदेव ढोलकीवाला, आमच्या दंडारीतला, गावच्या नाच-सोंगांतला, जुना सोबती, खिडकीतून पाहून गेला. म्हणे, "भाऊ, हे बॅले कायचं, पाहनारेच भ्याले."

९ डिसें.
सं.ने आज मनातलं सांगितलं. नाचाच्या शेवटी बाई एका म्हाताऱ्याला खांद्यावर घेते, हळूहळू चालते आणि समोर नेऊन आडवा ठेवते. जुन्या नाचात गडी बाईला उचलतो, इथे उलटं. तो म्हातारा मी.
हसलो. वीसेक वर्षं दंडारीत बाईचं सोंग घेतलं, लुगडं नेसून अख्खी गावं नाचवली. उचललं मात्र कोणी नव्हतं.
हो म्हणून बसलो.

११ डिसें.
जमलं नाही. कौस्तुभ माझ्या दीडपट, त्याला ती पोत्यासारखी उचलते. माझं वजन ते काय. तरी खांद्यावर घेतलं की मी लाकूड होतो. पोट आवळतं, श्वास कोंडतो, बोटं तिच्या पाठीत रुततात.
"वजन टाका, आबाजी."
टाकतो म्हणतो. टाकत नाही. सगळा जन्म डोंग्यात उभं राहण्यात गेला. डोंग्यात अंग सोडलं की माणूस पाण्यात. ही सवय आता कुठे सोडू.

१४ डिसें.
दोघंही पडलो. तणशीने वाचवलं. सं.चा खांदा थोडा धरला आहे. बुढीने गुडघ्याला तेल लावलं, कसं लागलं विचारलं. पायरीवरून घसरलो म्हणालो. पन्नास वर्षांत तिच्याशी फार खोटं बोललो नाही. म्हणून नीट जमतही नाही.
थकवा आहे. जेवण नको वाटतं.

१७ डिसें.
बुढीला कळलं. बायांनी खिडकीतून पाहिलं, नळावर चर्चा झाली. ती घरी आली, घागर ठेवली, पदराने हात पुसले.
"जितेपनी खांद्यावर चढून राह्यले?"
नाच आहे म्हणालो.
"आन् मंग आडवा ठेवते म्हने. डोकं कोन्या दिशेले ठेवते, थेही इचारून घ्या."
बस, तेवढंच. मग चूल पेटवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१९ डिसें.
अबोला. जे सांगायचं ते मांजराला सांगते. भाजी संपली, मांजराला. पाणी तापलं, मांजराला. मांजर माझ्याकडे पाहतं. आज मीही मांजरालाच म्हणालो, मीठ कमी आहे. कोणी हसलं नाही.
जावं की न जावं, या विचारात सकाळ गेली. गेलो. पुन्हा लाकूड.

२२ डिसें.
सं.ला म्हणालो, माय, तू कौस्तुभला घे. माझ्याने होत नाही, आणि घरात हे असं.
ती भिंतीला टेकून बसली. पायाची बोटं पाहिली तिची, एकाही बोटाला धड नख नाही. म्हणाली, चंद्रपूरला मुंबईची दोन माणसं पाहायला येणार. त्यांना पटलं तर पुढे स्वतःचे नाच बसवता येतील. नाही पटलं तर परत दुसऱ्यांच्या नाचात मागच्या रांगेत. शेवटचं उचलणं म्हणजेच तिचा सगळा नाच, बाकी तिथपर्यंतची वाट.
मग कौस्तुभ का नको, मी विचारलं.
"त्याले उचललं तं नाचच दिसते, आबाजी. तुमाले उचललं तं तुमी दिसता."
जबरदस्ती नाही म्हणाली. जबरदस्ती केली असती तर नाही म्हणणं सोपं होतं.

२४ डिसें.
आज झालं.
सकाळपासून तलावात मोठं जाळं ओढत होतो, मच्छी सोसायटीची पाळी होती. मरळ बरी लागली. दुपारी समाजमंदिरात गेलो तेव्हा अंगात अंग धरून ठेवायचीही ताकद उरली नव्हती. सं.ने खाली वाकून खांदा लावला, उचललं, आणि मी गेलो. म्हणजे, सुटलो. कळलंच नाही कधी. पंख्यावरची धूळ एवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिली. खाली तिचा श्वास लागत होता, आत-बाहेर, तिचा की माझा कळेना. चार-पाच पावलं चालली असेल. मग हळूच खाली, पाठीवर. तणस करकरली.
 त्या दोघींतली लहान पोरगी तोंड फिरवून उभी.
बरं वाटलं. फार बरं वाटलं. आईच्या कडेवर होतो तेव्हाचं काही आठवत नाही. त्यानंतर सगळा भार दुसऱ्यावर टाकल्याचंही

मरळीचं कालवण चांगलं झालं होतं. मांजराला सांगितलं.

२७ डिसें.
बुढीशी बोललो. ती अंगणात पोपटीच्या शेंगा सोलत होती, शेजारी बसून मीही सोलायला लागलो. म्हणालो, रागावली असशील, पण एकदा येऊन पाहा. त्यात अभद्र काही नाही.
ती म्हणाली, अभद्र-बिभद्र काही नाही. मग अर्ध्या शेंगा सोलून झाल्यावर बोलली.
"दोन साल झाले. तुमाले बोडीवरून खाटेवर टाकून आनलं. चार गड्यांच्या खांद्यावर. मी मागून चालत होती. तुमचा हात खाली लोंबत होता. मले वाटलं, झालं."
त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. उन्हात चक्कर आली, डोळे उघडले ते सावली तालुक्याच्या दवाखान्यात. बुढी तेव्हा खाटेशेजारी बसून संत्रं सोलत होती, अगदी रोजच्यासारखी. तिच्यावर काय गेलं हे मी विचारलंच नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.
"थे मी एकदा पाह्यलं. परत काऊन दाखवता?"
 शेंगा सोलल्या.

२९ डिसें.
सं.ला सांगितलं. तिला तेव्हा कळवलंच नव्हतं कोणी, तिचा मोठा कार्यक्रम होता. ऐकून बराच वेळ पायाला पट्टी गुंडाळत राहिली, गुंडाळून झाली तरी पुन्हा सोडून पुन्हा. मग उठून घरी गेली, आजीजवळ चुलीपाशी बसली. मी बाहेर. आतलं नीट ऐकू आलं नाही. एकदा बुढीचा आवाज, "इतके दिवस भात नाई खाल्ला?" मग भांड्याचा आवाज.
सं. भात खाऊन बाहेर आली. दोनदा घेतला म्हणे.

२ जानेवारी
बुढी समाजमंदिरात आली. बसा म्हटलं तर बसली नाही. दाराला धरून उभी, सगळा नाच पाहिला. कौस्तुभ त्या दोघींच्या आधाराने झुकतो, तिथे जरा हसली. माझी वेळ आली. ती पाहते आहे म्हटल्यावर मी पुन्हा लाकूड. सं.ने तरी नेलं, ठेवलं. उठून पाहिलं तर बुढी आत आलेली, सतरंजीवर, चपला हातात.
"खांद्यावर घे, बाई. त्याले मी नाई म्हनत नाई. पन ठेवशीन तं पायावर ठेव."
सं. म्हणाली, "आजी, मंग शेवटच बदलते. वजन जमिनीले द्याचं हाये मले, म्हून आडवं."
"येवढा जुना नाच बदलवला म्हनते. येक शेवट नाई बदलत?"
कौस्तुभला भाषा अर्धीच कळते, पण तो खाली पाहून हसत होता. सं. हसली नाही. विचारात पडली पोर.
बुढी घरापर्यंत माझ्याशी बोलत आली. मांजर सुटलं एकदाचं.

४ जाने.
दोन्ही करून पाहिलं, तीन-तीनदा. आडवं ठेवलं की सगळे गप्प होतात. पायावर ठेवलं की माझे गुडघे लटपटतात, मी सं.चा दंड धरतो. कौस्तुभ म्हणतो, आडवंच चांगलं. मोठी पोरगी म्हणते, ते लटपटणंच चांगलं. सं. वहीत रेघा मारते, खोडते.
तिने माझं मन विचारलं. मी म्हणालो, मला विचारू नको, माय. आडवा ठेवला तर तुझं खरं, उभा ठेवला तर हिचं खरं. माझं म्हणशील तर वर असतो तेवढंच मला पुरतं.
फार थकलो. दोन दिवस तलावावर गेलो नाही.

७ जाने.
चंद्रपूर. हॉलच्या मागच्या खोलीत बसून लिहितो. दुपारचे तीन, कार्यक्रम सहाला. सकाळी एस.टी.ने आलो. बुढी भाकरी बांधून सोबत.
इथली फरशी लाकडी, तणस नाही. मुंबईची ती दोन माणसं आली, सं.शी हिंदीत बोलली, मला हात जोडले. सं.चा चेहरा पांढरा, पण पाय स्थिर. एकटी सापडली तेव्हा विचारलं, आडवा की उभा?
"वर असतानाच ठरन, आबाजी. तुमी फक्त वजन टाका."
म्हणजे आधी अंग सोडायचं, मग कळायचं. डोंग्यातल्या माणसाला हे सांगणं. बरं म्हणालो.
बुढीला यातलं काही सांगितलं नाही. पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळा हॉल रिकामा आणि ही एकटी आत्ताच येऊन बसली आहे, पहिल्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर. मधली का नाही घेतली, म्हणून जाऊन विचारलं.
म्हणे, "हे उठाले सोपी."