जवाईबापूंची स्वयंपूर्ण रात्र

३ मे
नंदिनीचा धाकटा भाऊ उन्मेष जेवायला आला होता. जेवणानंतर फोटो. झंस्कारच्या एका खोऱ्यात हा आणि एक मित्र आठवडाभर चालले. दुकान नाही, हमाल नाही, खेचर नाही, मोबाइलला रेंज नाही. तंबू, स्टोव्ह, शिधा, सगळं स्वतःच्या पाठीवर. नंदिनी एकेक फोटो मोठा करून पाहत होती. माझे अंबाझरी तलावाचे फोटो तिने कधी मोठे केलेले नाहीत.
मला मत्सर वाटतो का, हे प्रामाणिकपणे तपासलं. नाही. फक्त त्याची दाढी मुद्दाम वाढवल्यासारखी वाटते.

४ मे
तो ऑगस्टमध्ये पुन्हा चाललाय. मित्राचा गुडघा गेला, तंबूत एक जागा रिकामी. म्हणाला, घरातलं कोणी येत असेल तर नेतो भाऊजी, पण तिकडं मदतीला कोणी नसते. आधी एक रात्र इथंच उघड्यावर काढून दाखवा. सोबत नेलं तेवढंच वापरायचं, कोणाकडून घोटभर पाणीही घ्यायचं नाही.
‘घरातलं कोणी’ हे संकोचापोटी. रोख माझ्याकडेच होता.

९ मे, पहाटे
सेमिनरी हिल्सच्या चढावर सराव. सॅकमध्ये वजनासाठी तांदळाचं पोतं. नंदिनी सोबत म्हणून आली. उतरल्यावर तर्री-पोहे. हे स्वयंपूर्णतेत बसतं का? बसतं. पैसे मीच दिले.

१२ मे
तांदूळ सध्या नंदिनी वाहते. जायचं मला आहे, पाठ जपली पाहिजे. ती चढावर गाणं गुणगुणते. या गोष्टीचं गांभीर्य तिला नाही.

१६ मे
जागा ठरली. नरखेडजवळ सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे, तिच्यामागची टेकडी. परवानगीची कटकट नाही, वाघ नाही. नंदिनी म्हणाली, तिथं काहून जाता? उद्यापासून धोंड्याचा महिना लागून राहिला. मी म्हटलं, गिर्यारोहणाला मुहूर्त लागत नाही. ती हसली आणि म्हणाली, मग मीही आपला वेगळा तंबू घेऊन येते.
नवऱ्याचं यश काही बायकांना बघवत नाही. नंदिनी तशी नाही. तरी नोंद करून ठेवतो.

२३ मे, नरखेड
मी, नंदिनी आणि परीक्षक म्हणून उन्मेष. सासुरवाडीला चुकवून मागच्या वाटेने टेकडी गाठायचा बेत होता. एसटीतून उतरताच पानठेल्यावरचा एकजण म्हणाला, अरे, गोपाळरावचे जवाई ओझं वाहून राहिले. त्याने लगेच मोटरसायकल काढली, थेट सासऱ्यांच्या घराकडे. उन्मेषने मान फिरवली. हसत असावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नंदिनीचा तंबू उभा आहे. माझाही बराचसा उभा आहे. स्टोव्ह पेटायला वाऱ्याची अडचण.
मामंजी आले. मागे सासूबाई, शेजारी, आरतीचं ताट. मामंजी म्हणाले, जवाईबापू, धोंड्याच्या महिन्यात तुम्ही गोट्यावर झोपता, लोकं मले काय म्हनतीन? मी नियम समजावला, कोणाकडून काही घ्यायचं नाही. ते म्हणाले, तुम्ही कुठं घेता जी, आम्ही देऊन राहिलो. सासूबाईंनी तिथंच पाय धुतले, कुंकू लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी माणसाने काय करावं? मी खाली उतरलो. माणुसकी म्हणून.
नंदिनीला कोणी आग्रह केला नाही. सासूबाई जाता जाता म्हणाल्या, तुले काय होते वं, तू तं याच टेकडीवर खेळली.

२४ मे, सकाळी
पुरणाचे धोंडे, वर तूप. कूलरसमोर गादी. झोप बरी लागली, पण मनाने मी टेकडीवरच होतो. नंदिनी आता उतरली. रात्री स्वतःची खिचडी केली, स्वतःचं पाणी पुरवलं. पाठीवर दोन तंबू होते. एक माझा.

२५ मे
उन्मेषचा फोन. नंदिनीला. बोलणं संपल्यावर ती घरभर नुसती फिरत होती. रोख पहिल्यापासून तिच्याकडेच होता म्हणे. लग्नाआधी ही दोघं मिळून हिमालयात जायचं ठरवायची. मला हे कधी सांगितलं नव्हतं. की मी विचारलं नव्हतं?
मत्सराची तपासणी आज ठेवलेली नाही.

२ ऑगस्ट
नंदिनी गेली. सॅक मी भरून दिली. गाडी सुटताना म्हणाली, गॅसचा लायटर डाव्या खणात आहे.

५ ऑगस्ट
लेहहून तिचा फोटो. उद्यापासून रेंज नाही. मोठा करून पाहिला. नाक सोललंय. हसतेय. आणखी मोठा केला. इतकी हसताना मी तिला अलीकडे पाहिलेलं नाही, आणि या फोटोत मी नाही.
सासूबाईंचा फोन आला. जवाईबापू, एकटेच हाय तुम्ही, आम्ही दोघंही येऊन राहतो. मी ठामपणे सांगितलं की काही गरज नाही, मी पूर्ण स्वयंपूर्ण आहे.
मग विचारलं, बस किती वाजता पोचते.