थोरल्याचा तुकडा

सोमवार, ४ मार्च

सगळ्यांत आधी उगवली ती शेजारची शिंपीणबाई. नातीचं नवं वाजवणं ऐकायचं बोलावणं पाचचं, ही साडेचारला दारात – "म्हटलं मदत लागेल." मदत कसली, पुढची खुर्ची हवी होती. मग माझा धाकटा मुलगा आला, बायकोला घेऊन. शेवटी नातीचे चौघे वाजवणारे. दोन व्हायोलिनवाल्या पोरी, एक दाढीवाला – त्याचंही व्हायोलिनच, पण अंगानं जाड – आणि एक उंच पोरगी, ती मोठं वाद्य गुडघ्यांत धरून वाजवते. चेलो म्हणतात. दारातून शिरेना, मग पलंग आणतात तसं आडवं करून आणलं.

नात माझी संगीत लिहिते. गाणी नव्हे, नुसती वाद्यं. सध्या माणसं लिहितेय. चित्रकार तोंड काढतो ना, तसं ही सुरांनी माणूस काढते, एकेकाचा एकेक तुकडा. कुणाचा तुकडा ते सांगत नाही, घरच्यांनी ओळखायचं. ज्याचा आहे तो ओळखू नाही आला तर कागद फाडून टाकते. हट्टी आहे, माझ्यावर गेलीये.

पहिला तुकडा – टरटर टरटर, मध्येच गप्प, परत टरटर. सगळे शिंपीणबाईकडे बघून हसले. ती फुगली. "मी एवढी थांबते का काम करताना?" धाकटा म्हणाला, "थांबता कुठं, तेवढ्यात समोरच्यांचं लग्न का मोडलं ते विचारून घेता."

दुसरा सुरू झाला तो संपेचना. इकडून तिकडे, तिकडून पलीकडे, जिथून निघालं तिथे परत येणं नाहीच. मी म्हटलं, "कोण गं ही बाई?" सगळे एवढे हसले की चेलोवालीच्या हातातून गज सुटला. मी हो! मला तर इतका आनंद झाला, दुसऱ्यांदा वाजवायला लावलं. शाळा चौथीपर्यंत, आणि सुरांत जाऊन बसले.

मंगळवार, ५ मार्च

नात म्हणाली, "आजी, आता बाबा लिहायचेत."

थोरला माझा. सव्विसाव्या वर्षी गेला, तेव्हा ही अकरा महिन्यांची. अठ्ठावीस वर्षं झाली. सूनबाई, पोरीची आई, त्याचा विषय काढत नाही, तिच्यासमोर आम्हीही नाही. घरात तशी रीतच पडली. म्हणजे पोरीला विचारायला उरले मीच. म्हटलं विचार काय हवं ते, बोलायला मी कधी मागे सरलेय?

बुधवार, ६ मार्च

वही, पेन्सिल, घड्याळ घेऊन बसली. "दिसायचे कसे ते नको, फोटो आहेत. जिना कसा चढायचे? हाक मारली की लगेच ओ द्यायचे, की थांबून? भांडणात हरले की काय करायचे?"

मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही.

हॉस्पिटल आठवतं. हिरवा पडदा, त्याची एक कडी तुटलेली. सलाइनची बाटली. त्याची वाढलेली नखं – कापायची राहून गेली. पण त्याच्या आधीची पंचवीस वर्षं? शाळेच्या दप्तराचा रंग आठवतो. आवाज आठवत नाही. पोटच्या पोराचा.

पोर पेन्सिल धरून बघत होती. मग मी सुटले. जिना धाडधाड चढायचा, खालूनच हाका मारायचा, हरला की शीळ घालत निघून जायचा. सांगायला लागले की मला थांबता कुठे येतं. तिनं पानंच्या पानं भरली. डोळे भरून आले तिचे. "आजी, तू आहेस म्हणून."



रविवार, १० मार्च

थोरल्याची बॅग उघडून त्याचा स्वेटर नाकाला लावला. नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास.

गुरुवार, १४ मार्च

सगळे परत जमले. चौघांनी वाजवलं – धाडधाड वर चढणारं, खालून हाक, मग ती शीळ, व्हायोलिनवर अगदी उंच. संपायच्या आत शिंपीणबाई ओरडली, "धाकटे!" धाकटा स्वतः हसत सुटला. "अगं, हा तर मीच. शीळसुद्धा माझी!"

मग हळूहळू हसायचा थांबला. नातीचं तोंड बघून.

"हे बाबा होते," ती म्हणाली.

धाकट्याच्या सवयी उचलून मी थोरल्याच्या अंगावर चढवल्या होत्या. जिवंत लेकरू डोळ्यांसमोर होतं, त्याचंच आलं तोंडात. पोरीनं चौघांचे चार कागद गोळा केले आणि फाडले. सूनबाई कप उचलून आत गेली. धाकटा जाताना म्हणाला, "आई, मला कशाला बसवलंस त्याच्या जागी?" काय सांगणार? तो मला आठवत नाही, असं आईनं कुठल्या तोंडानं म्हणायचं.

शुक्रवार, १५ मार्च

नात म्हणाली, "तू खोटं सांगितलंस त्याचं वाईट नाही वाटत गं. तुलाच माहीत नाही, तर मी कुणाला विचारू?" चौघांना येऊ नका म्हणून कळवलं तिनं.

आईच्या मनातून मूल जात नाही म्हणतात. माझ्या मनातून कधी गेलं, मला पत्ताही नाही. अठ्ठावीस वर्षं मी रडले ते कुणाला?

रविवार, १७ मार्च

शिंपीणबाई डोकावून गेली. तब्येत बरी आहे ना, घर एवढं गप्प कसं.

सोमवार, १८ मार्च

दुपारी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. हात धुतलेले, पुसलेलेही नाहीत.

"आई, तुम्ही विसरला नाहीत. ते तुमच्यासमोर बोलायचेच कुठे?"

मी हात पुसायला पदर पुढे केला.

"जिना हळू चढायचे. दाराशी आले आणि आत तुमचं बोलणं चालू असलं, की बाहेरच उभे राहायचे. मी दार उघडायला गेले तर ओठांवर बोट ठेवायचे. आईचं होऊ दे, म्हणायचे. मग आत आले की तुम्ही विचारायचात, कसा आहेस रे? आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पुढचं सांगायला लागायचात."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं वाटलं असतं.

"उभा असताना हसत असायचा का गं?"

तिनं खूप वेळ विचार केला. "कधी कधी."

मंगळवार, १९ मार्च

नातीला मीच सांगितलं. दोन वाक्यांत.

तिनं विचारलं, "किती वेळ उभे राहायचे, आजी?"

म्हटलं, तुझ्या आईला विचार. मी आत बोलत होते.

चौघे शनिवारी येतो म्हणालेत, तेवीसला.