मधल्या ढिगावर बोट

सोमवार, दुपारचे तीन

चि. खारुताईस,

आजीचे पोतंभर आशीर्वाद. तुझी उशी अजून तशीच दगडासारखी असेल तर कळव, मी कापूस बाजूला ठेवलाय. इकडे सगळे मजेत. म्हणजे तसे मजेतच.

तर शनिवारी सगळ्यांत आधी दारात उभी राहिली ती चष्मेवाली. छत्री भिंतीला टेकवली आणि ती सरळ उभी राहिली की नाही हे दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हाच मला वाटलं, ही बाई मोजायला आलीय. तिच्यामागून एक उंच साहेब, दारात वाकून. तुझ्या आईच्या शिवणकारखान्यात कोणाचं काम किती होतं ते लिहून काढायला मालकाने बाहेरून बोलावलेली ही जोडी. आणि त्यांच्या मागोमाग, बोलावणं नसताना, समोरची. ती कारखान्यात तुझ्या आईच्याच खोलीत, एकाच टेबलाशी बसते, कोटांना बटणं लावते आणि आतलं अस्तर हाताने शिवते. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी होती. दुखणारं डोकं माझ्या दारापर्यंत कसं चालत आलं ते मला विचारू नकोस.

साहेब बसले आणि कौतुक सुरू केलं. म्हणाले, त्या खोलीत नऊ जणी, पण दिवसाला सतरा कोट पुरे करणारी तुमची सूनबाई एकटीच, बाकीच्यांचे सात, आठ, फार तर नऊ. मी म्हटलं, हात हलका आहे हो तिचा, पहिल्यापासून. जरा घाईनेच म्हटलं.

आता मला सांग, परका माणूस जिने चढून घरी येतो तो कौतुक करायला? बिस्किट खाताना त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण डोळे खिडकीपाशी. खुर्ची पाहिली, खुर्चीजवळचा दिवा पाहिला, खुर्चीवरची माझी जुनी गादी पाहिली, ती मधोमध कशी दबलीय तेसुद्धा पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे कोण बसतं?

मी म्हटलं, मांजर.

आपल्याकडे मांजर नाही हे तुला माहीतच आहे. समोरचीलाही माहीत आहे.

चष्मेवालीने ते लिहून घेतलं की काय कोण जाणे, पेन मात्र हललं. मग साहेब मुद्द्यावर आले. त्यांचं ॲव्हरेज निघालंय नऊ. ज्यांचे कोट नऊच्या खाली, त्या सहा जणींना पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणून सांगायचं. तुझ्या आईची घरी शिवायची पद्धत काय आहे ती पाहून घ्यायची आणि उरलेल्यांना शिकवायची, म्हणून आलो म्हणाले. मी चष्मेवालीच्या कागदाकडे बोट केलं, तिथे वेगळंच काही लिहिलेलं दिसत होतं. ती म्हणाली, तो मीन. मी विचारलं, मीन कोण? ती म्हणाली, तेच हो आजी, ॲव्हरेजच. एकाच माणसाची दोन नावं निघाली की पोलीससुद्धा चौकशी करतात, म्हणून मीही करायची ठरवली.

समोरचीचे कोट आठ. तिचा चेहरा असा झाला, की मला तिच्याकडे पाहवेना. साहेब गेले, चष्मेवालीने छत्री उचलली, तरी ही बसूनच. माझा उजवा हात पाहत होती. मी मूठ मिटून घेतली, पण मधल्या बोटावर वळ उमटलेला असतो तो काही मिटत नाही. शिवाय खिडकीच्या कट्ट्यावर माझं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालते ते, चांगलं चमकत होतं.

उठताना म्हणाली, "आजी, तुमचं मांजर अंगुस्तान घालतं वाटतं."

एवढंच. दार मात्र हळू लावलं तिने. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी काय केलं असेल सांग? बटणांचा डबा ओतला. सुट्टीत तू शिकवलं होतंस ना, तसं. मी हसत होते आणि तू चिडत होतीस. मी दुसरीतच शाळा सुटलेली बाई, पण हे बरोबर लक्षात राहिलं. लोक ॲव्हरेज म्हणतात ते मोघम, बहुतेक वेळा त्यांना मीनच म्हणायचं असतं. मीन म्हणजे उंच ढिगांतली बटणं काढून ठेंगण्यांवर ठेवायची, सगळे सारखे होईपर्यंत. मीडियन म्हणजे कुणाचं काही काढायचं नाही, ढीग ठेंगण्यापासून उंचापर्यंत रांगेत लावायचे आणि बरोबर मधल्यावर बोट ठेवायचं. आणि मोड म्हणजे कुठल्या उंचीचे ढीग जास्त ते पाहायचं. तेव्हा मी म्हटलं होतं, इंग्रजांना एका मध्यासाठी इतके शब्द कशाला लागतात? आता कळलं कशाला लागतात.

नऊ जणींचे नऊ ढीग केले. दोन सातचे, चार आठचे, दोन नऊचे आणि तुझ्या आईचा सतराचा. तो दोनदा कोसळला, मेला. शेवटी भिंतीच्या आधाराने उभा केला. मग सारखे करून पाहिले, तर खरंच प्रत्येकी नऊ. म्हणजे साहेब खोटं बोलत नव्हते, आणि मला तेच जास्त खटकलं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. पुन्हा पहिल्यासारखे केले आणि रांगेतल्या पाचव्यावर बोट ठेवलं. आठ! आणि जास्त ढीगही आठचेच. म्हणजे खोलीतली मधली बाई आठ कोट करते, पुष्कळ जणी आठच करतात, पण साहेबांच्या मीनला आठ कमी पडतात. का? तर एका सतरामुळे. त्या सतरातली आठ बटणं काढून मी सहा ढिगांवर ठेवली होती. त्याच सहा जणी, ज्यांना येऊ नका सांगणार.

चहा गार झाला तो तसाच राहिला.

खारुताई, आता लिहितेच. थंडीत तुझ्या आईचं मनगट सुजलं होतं. राहिलेले कोट घरी आणलेले मालकाला चालतात, पण ते ज्याचे त्यानेच शिवायचे. ती कामावर गेली की मी दोन शिवून ठेवायचे, तिची पिछेहाट नको म्हणून. दोनाचे चार झाले. तिचं मनगट बरं झालं, ती म्हणाली, आता पुरे, मी रुसून बसले. मग बिचारी गुपचूप पिशवी भरून आणायला लागली. तुझी आई आठ शिवते. मी नऊ. हे एक जास्त आहे ते तिला बोलून दाखवू नकोस, मी रोज दाखवते. काय सांगू तुला, सकाळी पिशवी निघाली की मला कसं वाटायचं! तुझे आजोबा, तुझे बाबा, तुम्ही पोरं, सगळ्यांचं शिवलं आयुष्यभर, पण किती शिवलं ते कोणी मोजलं नव्हतं. इथे कोणीतरी वहीत लिहीत होतं. नाव माझं नव्हतं, तर नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तुझ्या आईला ढीग दाखवले. तिला भीती होतीच. नियम मोडला म्हणून पहिलं तिलाच कामावरून काढतील. मीही तेच म्हटलं, आपण गप्प बसू, हळूहळू कमी करू, मांजर आणू. ती किती तरी वेळ सतराच्या ढिगातलं एक एक बटण उचलून डब्यात टाकत राहिली. आठ उरली तेव्हा थांबली.

म्हणाली, "आई, सांगून टाकू. मला आठच येतात. आणि आठ काही कमी नाहीत."

सतरातली माझी नऊ बटणं काढली की मीनही आठवर उतरतो, मी चारदा करून पाहिलं. तरी सातवाल्या दोघी उरतातच. एक नवीन आहे, दुसरीचे डोळे अधू. रांग लावली की कोणी ना कोणी मधल्याच्या अलीकडे उभं असणारच, हे साहेबांना कसं पटवायचं ते तू उलट टपाली लिही. सोप्या शब्दांत लिही, मला बटणांनी दाखवता आलं पाहिजे. त्या साहेबांवर माझा काडीचा विश्वास नाही. सगळं ऐकून घेतील, मान डोलवतील, बिस्किटं खातील आणि त्या सहा जणी नि तुझी आई, अशा सातही जणींना घालवतील. पण मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून एक कोट शिवून दाखवणार आहे, म्हणजे पद्धत पाहायची त्यांची हौस तरी फिटेल.

आज सकाळी समोर गेले होते. काल दिवसभर तिच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. तिने दार बोटभर उघडलं आणि तिथेच धरून ठेवलं. मी घरून चांगलं मोठं बोलायचं ठरवून गेले होते, मध्येच सगळं विसरले.

म्हटलं, "मांजर मीच."

ती म्हणाली, "ठाऊक आहे. साहेबांना सांगाल तेव्हा मला हाक मारा, मला ऐकायचंय." आणि दार होतं तेवढंच उघडं ठेवलं. लावलंही नाही, पुरतं उघडलंही नाही. यातून काय समजायचं ते तुझ्या कुठल्या इंग्रजी शब्दात बसत असेल तर कळव.

डब्यातली बटणं पुन्हा नऊ ढिगांत लावून खिडकीत ठेवलीत. आज पिशवी रिकामीच गेली. हातांना काही सुचत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तुझी,
मांजर नसलेली आजी

ता. क. ते दोघे गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा येतो म्हणालेत.