सालीसकट

४ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. साठीला टेकलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये, असं वहिनी म्हणते. पण आशीर्वाद हवे असतील तर नावासकट घ्यावे लागतील.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, तरी बागेत तीन फेऱ्या होतातच. मी, मुख्य माळीणबाई, बसले की बाकीचे चौघे माळी लगेच आडवे होतात. बाबांच्या तुतीचं बाक मात्र सगळ्यांचं फार लाडकं झालंय. दोन वर्षांपूर्वी वादळात ती तुझ्या अंगणात पडली, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. तू ओंडके सालीसकट पाठवलेस हे तुझे उपकारच. साल काढली असती तर बाबांनी सुरीने पाडलेल्या आपल्या उंचीच्या खुणाही गेल्या असत्या. आता बागेतली पोरं बाकावर आडवी होऊन त्या खुणांशी स्वतःला मोजतात. दहाव्या वर्षी तू माझ्या खांद्याला लागत होतास, हा पुरावा आता सार्वजनिक झालाय!

एक काळजीचं. बागेच्या कुंपणापलीकडे जंगल लागतं, तिथल्या कडेच्या तीन रानअंजिरांच्या बुडाशी भुस्सा पडलाय. खोडाला बोट जाईल एवढी भोकं आहेत. असला किडा इथे मी कधी पाहिला नाही. सगळे शेजारच्या रोपवाटिकेतल्या रोपवाल्याकडे बोट दाखवताहेत, कारण त्याने दोन वर्षांपूर्वी बाहेरून अंजिराची रोपं आणली होती. माणूस इतका जपणारा, की पानावर ठिपका दिसला तरी मला हाक मारतो. तू लाकूड-रोपांच्या तपासणी नाक्यावरचा जुना जाणता. हे काय असेल ते कळव.

वहिनीला आणि छकुलीला आठवण सांग. माया आहेच, पत्रही येऊ दे.
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. उंचीबद्दलची बदनामीही पोचली. पंधराव्या वर्षी मी तुला मागे टाकलं, त्याची खूण पाडायला कुणी सुरी घेतली नाही, हा माझ्यावर अन्यायच.

इकडे नाक्यावर नेहमीचंच. काल एक गृहस्थ पोखरलेली खुर्ची टपावर बांधून आले आणि आजोबांची आहे म्हणून रडकुंडीला आले. परत पाठवले. छकुली आता आमच्याच कार्यालयात लागली आहे. बापापेक्षा कडक आहे, साहेब खूश.

तू लिहिलंस तो खोडकिडा वाटतो. लांब मिशांचा भुंगेरा असतो, त्याची अळी लाकडात वर्ष-दीड वर्ष आतून खात राहते आणि ऊन तापलं की भुंगेरा होऊन भोक पाडून बाहेर येते. स्वतः फार लांब उडत नाही. माणसंच त्याला लाकडातून, रोपांतून इकडून तिकडे नेतात. पलीकडच्या डोंगरात अख्खी उतरण त्याने वाळवली. लागलेली झाडं तोडून जाळण्यावाचून इलाज नाही. रोपांतून आला असणं शक्य आहे. रोपं तपासायला सांग.

तुझा ढब्बू

ता. क. बाकाखाली भुस्सा दिसतो का, सहज बघ. दिसला तरी आधी मला लिही, कुणाशी बोलू नकोस. आणि हे पत्र फाडून टाक.

२० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. तुझी ता. क. वाचली आणि तशीच उठून बाकाकडे गेले. सहज बघ म्हणे! सहज बघण्यासारखं असतं तर वर पत्रातच लिहिलं असतंस.

बाकाला सात भोकं आहेत, सगळी खालच्या बाजूला, सालीत. बोटाने टकटक केली तर भुस्सा गळतो. म्हणजे आपणच आणलं ते. मी हट्ट धरला आणि तू तो पुरवलास.

आता मी काय केलं ते ऐक आणि हसू नकोस. मी मेण वितळवलं, सातही भोकं बुजवली आणि वरून तपकिरी रंगाचा हात फिरवला. तीस वर्षं मी माळ्यांना शिकवतेय की किडकी फांदी झाकू नका, दाखवा. आणि मी गुडघा दुखत असताना बाकाखाली आडवी पडून मेण थापत होते. एका माळ्याने विचारलं, तर बाकाचा पाय सैल झाला होता म्हणाले. खोटं इतकं झटकन सुचलं की माझी मलाच शिसारी आली.

काल चौकशीला तिघं आले. बाहेरून कुठलं लाकूड आलं होतं का, असं त्यांनी मला स्पष्ट विचारलं. मी नाही म्हणाले. रोपवाला माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पुढच्या महिन्यात त्याची सगळी रोपं जाळायचं घाटतंय. ढब्बू, मला काही सुचत नाहीये. तूच सांग काय करायचं.

ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज नाक्यावर दोन गाड्या मी न बघताच सोडल्या. छकुलीने मागून जाऊन थांबवल्या.

आता सगळं सांगतो. नियम असा, की लाकूड साल काढून, भट्टीत तापवूनच पुढे जायचं. ती नियमावली मीच लिहिली आहे. तुझ्या ओंडक्यांच्या कागदावर सोललेले आणि तापवलेले असा शिक्का मी माझ्या हाताने मारला. त्याच सकाळी एका म्हातारीचं गुलाबाचं रोप मी ठेवून घेतलं होतं. मुलीकडे नेत होती. ती हात जोडत होती आणि मी तिला जंगलाचं महत्त्व समजावत होतो. मग आपला टेंपो आला. मी सालीवर हात फिरवला, खुणा पाहिल्या आणि मला वाटलं, आपल्या अंगणातल्या झाडाला काय होतंय! किडे दुसऱ्यांच्या लाकडात असतात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो बहुतेक.

यापुढचं त्याहून वाईट. तपासणीचा अहवाल लिहायला साहेबांनी मलाच नेमलंय. मी पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय. ताई, मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. छकुलीची तर आता कुठे सुरुवात आहे, नाव एकच आहे आमचं. मी अहवालात कुणाचं नाव घेणार नाही, कारण कळत नाही असं लिहीन. तू फक्त गप्प राहा. धाकट्या भावाचा आजवर एवढा एकच हट्ट समज.

ढब्बू

९ एप्रिल

ढब्बूस,
आशीर्वाद लिहायला घेतले आणि हात थांबला. ते नंतर बघू.

तू आलास, दोन तास वावरलास, बाकाच्या कडेने वळसा घालून गेलास. मी स्वयंपाक करून ठेवला होता, तर घाई आहे म्हणालास. माझ्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, हे कळत होतं मला. मलाही तुझ्याकडे बघायचं नव्हतं. मग अहवाल आला. कुणाचं नाव घेणार नाहीस म्हणाला होतास ना? रोपवाटिकेतूनच प्रादुर्भाव, असं ठळक अक्षरात आहे आणि खाली तुझी सही. तीच सही, शेपटीवाली.

परवा अकराशे रोपं जाळली. रोपवाल्याने कुणाला हात लावू दिला नाही. दुसरे लोक मुळं खेचून काढतील म्हणाला. प्रत्येक कुंडी आडवी करून, हलक्या हाताने थोपटून रोप मोकळं करत होता आणि नेऊन ढिगावर ठेवत होता. जाळायच्या रोपांना कुणी असं हाताळतं का रे? मी मुख्य माळीण म्हणून देखरेखीला उभी होते. माझी सही लागते ना!

काल सकाळी त्याच्याकडे गेले. रिकाम्या कुंड्या धूत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बाक, मेण, तू, मी. त्याने हातातली कुंडी धुऊन पालथी घातली आणि मला माहीत आहे म्हणाला. फेब्रुवारीत बुटाची नाडी बांधायला तो त्या बाकावर बसला होता, तेव्हाच बुटावर भुस्सा पडलेला त्याने पाहिला. ताई स्वतः सांगतील, असं त्याला वाटत होतं. चौकशीच्या दिवशीसुद्धा वाटत होतं. मग तूच का बोलला नाहीस, असं मी विचारलं. विचारायला तोंड तरी कसं झालं माझं! तर म्हणाला, भाऊ नाक्यावर आणि बहीण बागेत, माझं कोण ऐकणार होतं. आणि वर म्हणाला, की चारचौघांत तुमची मान खाली जाईल, ते मला बघवलं नसतं. शिव्या दिल्या असत्या तर घरी तरी येता आलं असतं धड. रस्ताभर पदर तोंडाला लावून आले.

मी बाकावरचं मेण खरवडून काढलंय. तुझ्या साहेबांना पत्र लिहून तयार आहे. ते मी सोमवारी टाकणार. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस तर माझा भाऊ आहेस असं मी पुन्हा म्हणेन. नाही सांगितलंस तरी पत्र जाणारच.

ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि ते पोचावेत एवढीच इच्छा.

सोमवार उजाडायच्या आत सांगितलं. पण तू समजतेस तसा मी शूर निघालो नाही, तेही लिहितो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि झालं ते झालं म्हणाले. फाइल बंद झाली आहे, उगाच कार्यालयाची अब्रू जाईल, बहिणीची समजूत काढा. ताई, खरं सांगू? मला हायसं वाटलं. मी जिन्यापर्यंत आलो आणि चक्क शीळ घालत होतो.

जिन्याशेजारच्या खोलीत छकुली नव्या लोकांना शिकवत होती. माझीच नियमावली हातात होती. साल असलेलं लाकूड कुणाचंही असो, सोडायचं नाही, असं ती सांगत होती, आणि कुणाचंही हा शब्द तिने दोनदा म्हटला. हे माझ्या बाबांनी लिहिलंय, असंही म्हणाली. मग मी परत वर गेलो नाही. खाली आवक खिडकीवर बसून सगळं लिहून काढलं, सही केली, नोंद करून क्रमांक घेतला. एकदा क्रमांक पडला की साहेबांनाही कागद गायब करता येत नाही.

मला घरी बसवलंय. रोपवाल्याचं नाव अहवालातून काढून तसं जाहीर करायचा हुकूम निघाला आहे, बाकही जाळायचंय. छकुली चार दिवस बोललेली नाही. माझं ताट वाढते आणि उठून जाते. वहिनी तुझी मध्ये येरझाऱ्या घालते.

जंगलातली दोनशे झाडं तोडायची आहेत, असं ऐकतो. माणसं कमी आहेत. मला यायचंय, पण रोपवाल्यासमोर उभं राहायची हिंमत नाही. त्याला विचारशील का, मी आलो तर चालेल का? नाही म्हणाला तर तसंच लिही, गोडीत घालून लिहू नकोस. तुझा लोभ मागायला लाज वाटते, म्हणून मागत नाही.

ढब्बू

२४ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विचारलं. तो नाही म्हणाला. तुझं तोंड बघायची इच्छा नाही, अजून माझंही फार वेळ बघवत नाही, असं अगदी शांतपणे म्हणाला.

झाडं तोडायला सोमवारी सुरुवात आहे. तोही असतोच, सगळ्यांच्या आधी येतो. तरीही तू ये.

ताई