चेपलेली डबी

शुक्रवार, २१ मे २००४. रत्नागिरी. दुपारी ४.१०

समुद्र पाहिला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. काल पहाटे लातूर सोडले, कोल्हापुरात मुक्काम केला आणि आज आंबा घाट उतरून ठरल्या वेळेपेक्षा अवघी वीस मिनिटे उशिरा येथे आलो. तो उशीरही चालक मलप्पाच्या चहामुळे. वेळापत्रकात दोष नव्हता.

या सहलीची नोंद रोजच्या रोज ठेवणार आहे. वही नवी आहे. पहिल्या पानावर गुरुपादप्पा शिवलिंगप्पा उदगिरे, बी.कॉम., असे नाव, खाली पत्ता व रक्तगट लिहिला आहे. मी मूळचा नांदेडचा, लातूरच्या एका कोचिंग क्लासचा व्यवस्थापक. बाराशे मुलांच्या चाचणी परीक्षांची बैठकव्यवस्था माझ्याकडे असते. कोण कोठे बसणार यात आजवर चूक झालेली नाही. आई होती तोवर लग्नाचे मनावर घेतले नाही. गेल्या फेब्रुवारीत नीलम्माशी विवाह केला. तिच्या खाणावळीत मी सहा वर्षे जेवत होतो. तिची मुलगी शिवानी सीईटी देऊन नुकतीच मोकळी झाली आहे. चौथ्या गुरम्मा. नीलम्माचे पहिले यजमान राजशेखर १९९३ च्या भूकंपात, पहाटे ३.५६ ला, बाभळीच्या राहत्या घरात गेले. त्यांच्या या आई. त्यांना सोडून येणार नाही, ही नीलम्माची एकमेव अट होती आणि मी ती आनंदाने मान्य केली.

गुरम्मा मला ‘मनीजर’ म्हणतात. कमरेवर हात ठेवून त्यांनी समुद्राची पाहणी केली आणि मलाच जाब विचारला, “एवढं पाणी हाय हितं, अन् लातूरला टँकर कशाला येऊन राहिले वो, मनीजर?” शिवानी हसत वाळूत बसली. नीलम्माही हसली.

माझे कुटुंब. हे दोन शब्द लिहिताना हात किंचित थांबतो. मी फार समाधानी आहे.

शनिवार, २२ मे. देवगड. सायंकाळी ५.४५

दिवसभर किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे आलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे जांभ्या दगडाचे गडगे आणि आंब्याच्या बागा. एका वळणावर पाणी हिरवे, पुढच्या वळणावर निळे. खाडीवरच्या पुलावर तर दोन्ही रंग शेजारी. मासळीचा वास आला की गुरम्मा नाकाला पदर लावून “शिवा शिवा” म्हणतात आणि पदराआडून खिडकीबाहेर पाहतच राहतात.

आज मात्र एक गोष्ट कळली, जी मला आधी कळायला हवी होती. पूर्णगडजवळ गुरम्मा म्हणाल्या, “माझ्या राजानं कबूल केलतं. दिवाळी होऊ दे आई, समिंदर दावतो म्हणला. दिवाळी कुठली यायला!” नीलम्मा खाली पाहत होती. म्हणजे मी मिनिटामिनिटाने आखलेली ही सहल दुसऱ्याच कोणाच्या अकरा वर्षांपूर्वीच्या शब्दाची पूर्तता आहे. पुढे प्रत्येक वळणावर तेच. राजाने येथे गाडी थांबवली असती. मी गाडी थांबवली. श्रेय राजशेखर यांना मिळाले.

सकाळच्या पूजेविषयीही लिहिले पाहिजे. आम्ही लिंगायत. गळ्यात शिवदोऱ्याने बांधलेल्या चांदीच्या डबीत प्रत्येकाचे स्वतःचे इष्टलिंग असते, आणि माणूस गेला की त्याला बसवून, डाव्या तळहातावर तेच लिंग ठेवून माती देतात. राजशेखर यांना ते लाभले नाही. तिसऱ्या दिवशी सापडलेल्या सर्वांना एकत्रच अग्नी देण्यात आला. त्यांचे लिंग आठवड्याने ढिगाऱ्यात मिळाले. दोरा तुटलेला, डबीचे झाकण तुळईखाली चेपलेले. ती डबी नीलम्मा पिवळ्या फडक्यात बांधून पर्समध्ये बाळगते. रोज स्वतःच्या पूजेनंतर ते लिंग तळहातावर घेते आणि त्याच्याकडे पाहते.

तीन महिने मी ही नजर बाजूने पाहतो आहे. माझ्याकडे ती बिनचूक भरलेल्या अर्जाकडे पाहावे तशी पाहते. माझ्या नावाने तर तिने मला आजवर एकदाही हाक मारलेली नाही.

शिवानी मला ‘काका’ म्हणते. आज मी सहज सुचवले की ‘अप्पा’ म्हणायलाही हरकत नाही. ती नम्रपणे म्हणाली, “अप्पा एकच असतात ना, काका.”

रविवार, २३ मे. कुणकेश्वर. दुपारी १२.३०

देऊळ थेट समुद्रावर आहे. दर्शन सकाळी आठला झाले. नंतर तिघी पाण्यात उतरल्या. चपला, घड्याळे आणि पर्स माझ्याकडे. गुरम्मा लाटेला “ये की, ये, भ्यालीस का?” म्हणून डिवचत होत्या. नीलम्माने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मी पर्स उघडली. फडक्याची गाठ सोडली. डबी नीट पाहिली: झाकणाच्या मधोमध खोल पोचा, अंगठ्याचे टोक बसेल एवढा. माझ्या डबीचे झाकण गुळगुळीत आहे. नंतर खडकांच्या टोकाशी जाऊन ती ओसरत्या पाण्यात टाकली. वेळ ८.४२. त्याच आकाराचा, जवळपास त्याच वजनाचा एक गोटा निवडून फडक्यात बांधला आणि गाठ पूर्वीसारखीच मारली.

हे कृत्य बरोबर नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण मृताला नदीवर किंवा समुद्रावर काहीतरी द्यायचेच असते. मी ते दिले. आता गाडीत आम्ही पाच जण आहोत. सहावा नाही.

जेवण उत्तम लागले.

सोमवार, २४ मे. मालवण. सकाळी ७.२०

पूजेसाठी स्वतःची डबी गळ्यातून काढली. झाकणावर पोचा आहे.

चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मधोमध, खोल. अंगठ्याचे टोक त्यात बसते. आतले लिंग माझे नाही. माझ्या लिंगाचा स्पर्श मला चाळीस वर्षांचा ठाऊक आहे. शिवदोराही जुना आहे, एके जागी तुटून गाठ मारलेला.

काल जे टाकले ते मी दोनदा तपासून टाकले होते. माझी चूक होत नाही. तरीही जे समुद्रात आहे ते माझे आहे, आणि जे गळ्यात आहे ते त्यांचे.

आई सांगत असे की ज्याचे लिंग हरवले तो माणूस गेलाच असे पूर्वी धरीत. हल्ली स्वामींकडून नवे घेता येते. लातूरला पोहोचताच मठात जाईन. तोवर कोणालाही सांगणार नाही.

दुपारी ३.००

डबी गळ्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवली होती. जेवायला बसलो तेव्हा ती गळ्यात होती.

मंगळवार, २५ मे. मालवण. सकाळी ९

केस विंचरताना फणीतून माती पडली. पांढरी माती. येथे कोठेही पांढरी माती नाही. येथील माती तांबडी आहे. ही आमच्याकडच्या माळवदाची, धाब्यावर हातभर थापतात ती. सदऱ्याच्या कॉलरमध्ये आहे. कानात आहे. दोनदा स्नान केले. पुन्हा आहे.

नीलम्माने आज फडके सोडलेच नाही. पर्स कोपऱ्यात पडून होती. मी विचारले, तर म्हणाली, “आता कशाला?” आणि माझ्यापुढे बशीत ओतलेला चहा ठेवला, तीन चमचे साखरेचा. मी बिनसाखरेचा घेतो. सहा वर्षे तिनेच मला बिनसाखरेचा दिला आहे.

मी तो प्यायलो. गोड लागला नाही. नेहमीचाच लागला.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने. ज्या नजरेसाठी मी हे सर्व केले, ती पूर्णपणे माझ्यावर होती, आणि तीत मी कोठेही नव्हतो.

दुपारी १

किनाऱ्यावर शिवानीने माझा हात धरला. “अप्पा, चला ना पाण्यात.” मी म्हणालो की मी काका आहे. ती हसली. ती लहान असताना मी अशीच थट्टा करायचो म्हणे.

छातीवर वजन. उन्हात उभा असूनही. आडवे, लांब, लाकडाचे असावे असे.

मला एका वासराचे नाव आठवते. चंद्री. आमच्याकडे नांदेडला कधीही गाय नव्हती.

सायंकाळी ५

गुरम्मा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये होत्या. काचेबाहेर सगळे ऐकू येत होते. गावी पुतण्याला सांगत होत्या, हसत, डोळे पुसत— “घावला रे माझा राजा. आग न्हाई द्यायची आता. बसवून माती द्यायची, आपल्या रीतीनं. जुन्या घरापाशीच. तू खड्डा घेऊन ठेव.”

मी काच ठोठावली. त्यांनी आतून माझ्या गालावरून हात फिरवल्यासारखा काचेवरून हात फिरवला. मनीजर म्हणाल्या नाहीत.

मलप्पाला म्हणालो, मला एकट्याला लातूरच्या बसमध्ये बसवून दे. तो म्हणाला, “मालक, तुम्हालाच तर न्यायला आलोय आपण.”

बुधवार, २६ मे. गाडीत

समुद्र मागे राहिला. वेळ लिहिता येत नाही— घड्याळात चारला चार कमी आहेत, सकाळपासून तेवढेच—

अक्षर माझे नाही. माझे सरळ असते. हे झुकते आहे.

सोलापूर गेले. औशाचा फाटा. येथून लातूरला डावीकडे— थांब म्हणालो. तोंडातून माती आली. नीलम्माने पदराने पुसली. मी गुरुपादप्पा आहे असे सांगणार होतो. ‘नीलू’ म्हणालो. या नावाने मी तिला कधी— ती रडली. आनंदाने.

सर्व जण फार आनंदात आहेत.

बाभळी. जुने गाव. भिंती गुडघ्याएवढ्या. ही आमची ओसरी— त्यांची. त्यांची ओसरी. मी येथे कधीही आलेलो नाही. चंद्रीचा खुंटा कोठे होता हे मला—

खड्डा घेतला आहे. काळी माती एका बाजूला नीट रचून. आत बसायला ओटा. बैठक बरोबर काढली आहे. एकाच माणसाची.

पाय हलत नाहीत. चौघांनी उचलले. कोणी ओढले नाही. फार जपून.

डावा तळहात उघडला. डबी ठेवली. अंगठा पोच्यात बसतो, नीट बसतो—

उजव्या हातात पेन, मांडीवर वही आहे तोवर—

वर शिवानी विचारते आहे, ही वही कुणाची? नीलम्मा म्हणते, “कुणाची की गं.”

माझी. पहिल्या पानावर नाव आहे. नीलम्मा, ते वाच. मोठ्याने वाच. एकदा तरी—