लुकुलसच्या घरचं जेवण

लीड्स, ४ डिसेंबर

तीर्थरूप अव्वा,
शरणू शरणार्थी.

मी बरी आहे. थंडी लई आहे, पण खोलीत हीटर आहे. कपिली व्याली का?

फोनवर विचारलं की तू "हाव, जेवले" म्हणून विषय बदलतीस, म्हणून पत्र लिहून राहिले. शेजारच्या महामायामावशीनं सांगितलं, अप्पा गेल्यापासून तू दुधात भाकरी कुस्करून भागवतीस.

मी काम करते त्या हॉटेलच्या मेनूकार्डावर परवा एक इंग्रजी शब्द छापला, लुकुलन. म्हणजे भारी, राजेशाही जेवण. तो लुकुलस नावाच्या रोमन सरदारावरून आला. त्याच्याकडं कायम पाहुण्यांची पंगत असायची. एकदा कुणीच येणार नव्हतं, तर आचाऱ्यानं साधंच रांधलं. सरदार चिडला. म्हणाला, "आज लुकुलसकडं लुकुलस जेवायला आहे, ठाऊक नव्हतं का?"

येळवशीची अमावास्या जवळ आली. एकटीसाठी कशाला म्हणून तू यंदा शेतात पूजेला जाणार नाहीस, हेही कळलं. दर येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून तू जेवायला बसवायचीस. यंदाही शेंगा-भाज्यांची भज्जी कर, ताकातली आंबील कर, बाजरीचे चार उंडे कर. थोडंच कर, पण कर.

मीसुद्धा इथं ओट्यापाशी उभ्यानंच पाव खाते. त्या दिवशी भज्जी करून, ताट वाढून, बसून जेवीन.

एवढं कुणासाठी, असं मावशीनं विचारलं तर सांग, "आज सिद्धम्माकडं सिद्धम्मा जेवायला हाय."

तुझी लेक,
वर्षाराणी