चौऱ्याऐंशी जहाजं आणि रिकामा खजिना

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

चौऱ्याऐंशी जहाजं, पॅकिंगच्या पाइनमधून कोरलेली. डोलकाठ्या उदबत्तीच्या काड्यांच्या. चार शीट जोडून नकाशा, किनारा हातानं काढलेला. सत्तावीस पानांची नियमवही. खजिन्याचा तक्ता. बिजागऱ्यांसकट पेटी. हे सगळं मी केलं. शाळा दहावीपर्यंतच, इतिहास वाचून वाचून कमावला.

माझ्या खेळात रशिया नेपोलियनपासून कधी फुटतच नाही. बाल्टिक समुद्र इंग्रजांना बंद. दोरखंडाचा वाख, डांबर, डोलकाठीचं लाकूड – इंग्लंडला सगळं तिप्पट भावानं. एकही लढाई न हरता आरमार कसं बसत जातं, ते बघायचं.

आज डग्लस इंग्लंड घेऊन नवव्यांदा हरला. "हरिदास, हा खेळ नाही रे, शिक्षा आहे." हॉस्पिटलच्या स्टोअरमधली त्याची नोकरी संपली. सत्तावीसला कतार सोडून कायमचा वसईला चाललाय. त्याआधी एकदा तरी तगून दाखवायचंय म्हणतो. मी सांगितलं, तुझ्यासाठी नियम वाकणार नाहीत.

९ एप्रिल

रास लफानच्या गॅस प्लँटला जाताना बसमध्ये सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दहावा पराभव. मार्च १८१३ ला खजिना शून्य, खलाशांना पगार नाही, जहाजं गोदीत. शोभानं बटाटेवडे केले होते. डग्लसनं सहा खाल्ले. "वहिनी, आरमार बुडालं, पोट तेवढं तरलं."

गार्गी चार्जर शोधत आली, नकाशाकडे बघून म्हणाली, "बाबा, व्हाय आर ऑल द शिप्स ऑन शटडाउन टुगेदर?" डग्लस हसला. मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. असं बोलायला नको होतं.

१२ एप्रिल

पोरीचं बरोबर आहे.

बावीस वर्षं प्लँटमध्ये शटडाउन केले. तारीख ठरते, सगळं एकदम बंद, सगळे फिटर एकदम आत. तेच मी इंग्लंडच्या गोद्यांना लावून बसलो – दर मार्चला अख्खं आरमार दुरुस्तीला! त्या एका महिन्यात कुठलाही खजिना रिकामा होईल. आरमाराची जहाजं आळीपाळीनं गोदीत जातात. माझ्याच टिपणांत लिहिलेलं होतं, दोन ठिकाणी.

नियम ११ खोडला. नवा लिहिला. खाली 'सुचवणारी: गार्गी'. तिला नेऊन दाखवला. "फायनली," म्हणाली. पण पानाचा फोटो काढून घेतला.

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. डग्लस चर्चला. दोन्ही बाजूंनी एकट्यानंच खेळून पाहिलं, तीन डाव. इंग्लंडला आता वाव आहे. थोडाच. असायला हवा तेवढाच.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मधे फक्त जेवायला उठलो.

डग्लसनं पहिल्याच वर्षी वीस जुनी जहाजं स्वतःहून मोडीत काढली. त्यांची दोरखंडं, काठ्या बाकीच्यांना. खलाशी घरी, उरलेल्यांना पूर्ण पगार. मी म्हटलं, घाबरलास. "स्टोअरवाला आहे मी. कुठला माल आधी संपतो, ते मला विचार."

डिसेंबर १८१४ पर्यंत टिकला. एक्केचाळीस जहाजं समुद्रात, खजिन्यात चार महिन्यांचे पैसे. तह झाला. जिंकला नाही, पण हरलाही नाही. "खलास," म्हणाला, आणि चौथा चहा मागितला.

मी नियम वाकवला नाही याचं समाधान मोठं, की तो तगला याचं? ठरवता येत नाही. झोप छान लागणार.

२६ एप्रिल

खेळाची पेटी डग्लसलाच दिली, त्याच्या सामानात बसली. साडेसहा किलो, काट्यावर तोलून दिली. तो तीन हजार रियाल देत होता, मी घेतले नाहीत.